घोरपड खरी होती का? जुन्या पोवाड्यांना विचारायचे पाच प्रश्न

🧵 थ्रेड

१/
घोरपडीला दोर बांधून तानाजी मालुसरे यांनी सिंहगडाचा कडा सर केला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आपल्यापर्यंत ती आली प्रामुख्याने एका पोवाड्यातून. मग पोवाड्यातील घोरपड खरी मानायची का? आणि खरी नसेल, तर त्या पोवाड्याचे करायचे काय? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे. आपण प्रतापगडापासून सुरुवात करू, वाटेत आयर्लंड आणि बंगालला जाऊ, आणि माझ्या भंडारा जिल्ह्यात येऊन थांबू.

२/
प्रथम शब्दाविषयी. ‘पवाड’ हा शब्द ज्ञानेश्वरीतही आढळतो. विस्तार, थोरवी, पराक्रम अशा त्याच्या अर्थच्छटा आहेत. पुढे पराक्रमाचे गायन म्हणजे पवाडा किंवा पोवाडा, असा अर्थ रूढ झाला. हातात डफ, साथीला तुणतुणे आणि झांज, मागे ‘जी जी’ करून सूर धरणारे झीलकरी, आणि पुढे उभा राहून कथा ओढून नेणारा शाहीर. पोवाड्याचे भाग म्हणजे चौक. शेवटच्या चौकात शाहीर बहुधा स्वतःचे नाव गुंफतो. त्या नावाकडे लक्ष ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

३/
उपलब्ध पोवाड्यांपैकी शिवकालातील म्हणून ओळखले जाणारे पोवाडे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. बाकीचे बहुतेक पेशवाईतील किंवा इंग्रजी अमदानीतील आहेत. शिवकालीन पोवाड्यांत पहिला मान जातो अफजलखानवधाच्या पोवाड्याला. घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. शाहीर अगीनदास, ज्याचे नाव काही ठिकाणी अज्ञानदास असेही वाचले गेले आहे.

४/
या पोवाड्याविषयीची परंपरा अशी: तो जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला. क्षणभर या तपशिलाचा विचार करा. मराठीतील सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक, आणि त्याच्याबरोबरच आपल्याला कळते की तो कोणी रचवून घेतला आणि त्याचे मोल काय ठरले. घटना घडून गेली होती; आता ती गावोगावी कशी सांगितली जावी, याची काळजी राजघराणे घेत होते. छापखाना नसलेल्या काळात शाहीर हेच वृत्तपत्र होते, आणि त्या वृत्तपत्राला आश्रयदाता होता.

५/
म्हणून पहिला प्रश्न: हे गाणे कोणाच्या सांगण्यावरून रचले गेले?
हा प्रश्न विचारला म्हणजे शाहिराची किंमत कमी होत नाही. उलट त्याचे काम नेमके काय होते, ते कळते. दरबारासाठी गाणारा शाहीर, गोंधळात गाणारा गोंधळी आणि जत्रेत फडासमोर उभा राहणारा तमासगीर या तिघांचे श्रोते वेगळे, पोट वेगळ्या हातांवर अवलंबून, आणि म्हणून एकाच घटनेचे गाणेही वेगळे.

६/
आता सिंहगड. घटना ४ फेब्रुवारी १६७० ची. पोवाडा तुळशीदास शाहिराचा. जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, शिवाजी महाराजांना बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात आणि पणात किल्ला मागतात. तानाजींच्या घरी मुलाचे, रायबाचे लग्न निघालेले असते. ऐंशी वर्षांचे शेलारमामा बरोबर निघतात. गडावर उदेभान, त्याचा चंद्रावली हत्ती. आणि ती घोरपड: अर्ध्या वाटेवरून ती माघारी फिरते, तेव्हा तानाजी तिला मारून खाण्याची धमकी देतात, मग ती पुन्हा चढते.

७/
याच घटनेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आहे. ही बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजी येथे लिहिली गेली. म्हणजे घटनेनंतर तीन दशकांच्या आत. सभासदांचे मावळे रात्री वानरांसारखे कडा चढून जातात. घोरपड नाही, सोंगट्यांचा डाव नाही. महाराजांच्या तोंडी एक गड मिळाला पण एक गड गेला, अशा अर्थाचे उद्गार आहेत. ‘सिंह गेला म्हणून सिंहगड’ ही समजूतही तपासून घ्यावी लागते, कारण सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही येते.

८/
येथे दोन घाईचे निष्कर्ष काढले जातात. पहिला: पोवाडा म्हणतो, म्हणजे खरेच. दुसरा: बखरीत नाही, म्हणजे पोवाडा टाकाऊ. दोन्ही चुकीचे आहेत.
तुळशीदासाचा पोवाडा नेमका केव्हा रचला गेला आणि तोंडोतोंडी जाताना त्यात किती भर पडली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तो ज्यांच्यासमोर गायला गेला, त्या श्रोत्यांविषयी तो फार विश्वासाने बोलतो.

९/
तो पोवाडा लढाईपेक्षा घराविषयी अधिक आहे. आईचा हट्ट, मुलाचे लग्न, म्हाताऱ्या मामाचा अभिमान, रानातला प्राणी. मावळातील शेतकऱ्याला राजकारणाच्या वाटाघाटी ठाऊक नसतील, पण घरातले लग्न टाकून मालकाच्या कामाला जावे लागणे म्हणजे काय, ते त्याला नेमके ठाऊक होते. ही कथा त्याने आपली मानली, कारण ती त्याच्या घराच्या मापाने बेतलेली होती.

१०/
म्हणून दुसरा प्रश्न: हे गाणे कोणासमोर गायले जात होते?
आणि या थ्रेडमधून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर हे ठेवा: गाणे हे घडलेल्या घटनेचा पुरावा असेलच असे नाही, पण ज्या काळात ते गायले गेले त्या काळाचा पुरावा ते नक्की असते. घोरपड कड्यावर चढली की नाही, हे सांगणे कठीण. ती श्रोत्यांच्या मनात मात्र निश्चित चढली, आणि ती का चढली हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

११/
आता काळाचा प्रश्न घेऊ, आणि त्यासाठी थोडे दूर, आयर्लंडला जाऊ. तेथेही पोवाड्याला जवळची अशी कथागीतांची परंपरा आहे. १७९८ साली आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला. वेक्सफर्ड परगण्यात फादर जॉन मर्फी या धर्मगुरूने शेतकऱ्यांचे नेतृत्व केले आणि तो फासावर गेला. त्याच्यावरचे ‘बूलावोग’ हे गीत आज उठावातलेच जुने गाणे म्हणून गायले जाते.

१२/
प्रत्यक्षात ते गीत पॅट्रिक जोसेफ मॅकॉल या कवीने १८९८ साली, उठावाच्या शताब्दीनिमित्त लिहिले. म्हणजे घटना १७९८ ची, गाणे १८९८ चे. शंभर वर्षांनी आयर्लंडमध्ये स्वराज्याची चळवळ पुन्हा जोर धरत होती आणि तिला पूर्वजांची गरज होती. गाणे १७९८ बद्दल जेवढे सांगते, त्याहून कितीतरी अधिक १८९८ बद्दल सांगते.

१३/
आपल्याकडे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे जोतीराव फुले यांचा १८६९ सालचा छत्रपती शिवाजी महाराजांवरील पवाडा. महाराजांचे निधन १६८० चे. म्हणजे मध्ये १८९ वर्षांचे अंतर. फुल्यांनी महाराजांना ‘कुळवाडी-भूषण’ म्हटले. कुळवाडी म्हणजे शेतकरी. हा शब्दच एक ऐतिहासिक दावा आहे: हा राजा कोणाचा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. १८६९ मधील कर्जबाजारी, शाळेबाहेर ठेवलेल्या शेतकरी समाजाला फुले सांगत होते की राज्य उभारणारे हात तुमचे होते.

१४/
पुढे १९४३ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. वाटेगावात जन्मलेला, मुंबईच्या गिरणगावात राबलेला शाहीर व्होल्गेकाठच्या लढाईवर डफ वाजवतो. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले, आणि हेच आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजले. अगीनदासाचा आश्रयदाता राजवाडा होता. अण्णा भाऊंचा आश्रयदाता समोर बसलेला कामगार होता. घाट तोच, ऐकणारा बदलला, म्हणून नायकही बदलला.

१५/
तिसरा प्रश्न म्हणूनच असा: घटना आणि गाणे यांत किती वर्षांचे अंतर आहे, आणि गाणे रचले गेले तेव्हा आजूबाजूला काय चालले होते?
अंतर जास्त म्हणून गाणे खोटे ठरत नाही. फक्त त्याची साक्ष दुसऱ्या खटल्यात घ्यावी लागते.

१६/
चौथा प्रश्न मला एका वसतिगृहात सापडला, आणि तो मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.
पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूरला आले तेव्हा माझ्या खोलीत एक बंगाली मुलगी होती. मी भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्यांवर टिपणे काढत होते. तिने वहीत डोकावून विचारले, ‘बारगी म्हणजे तुम्ही लोक का?’ मग ती हसली आणि आजीने लहानपणी म्हटलेली अंगाई गुणगुणू लागली. तिच्या आजीने तिला ज्याची भीती घालून झोपवले, तो माझ्या टिपणांतला नायक होता.

१७/
थोडी पार्श्वभूमी. ‘बारगीर’ हा आपला शब्द. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. १७४२ ते १७५१ या काळात रघुजी भोसले यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. पहिल्या मोठ्या मोहिमेचे नेतृत्व भास्करराम कोल्हटकर यांचे. वाटेत छत्तीसगडातील रतनपूर त्यांच्या हाती आले. नागपूरहून तिकडे जाणारी वाट वैनगंगा ओलांडून जाते. आजचा भंडारा जिल्हा पुढे याच भोसल्यांच्या राज्यात होता.

१८/
१७५१ मध्ये तह झाला. बंगालच्या नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई मान्य केली आणि ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला. आपल्या पुस्तकांत हे यश म्हणून नोंदलेले आहे, आणि राजकीय दृष्टीने ते होतेही. पण त्या दहा वर्षांत बंगालमध्ये गावे उठली, विणकर पळाले, आणि कलकत्त्याच्या रहिवाशांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुढे ‘मराठा डिच’ म्हणून ओळखला गेला.

१९/
बंगाली अंगाईतला प्रसंग साधा आहे. मूल झोपले, वस्ती निजली, आणि देशात बारगी आले. धान्य पाखरांनी फस्त केले. आता साऱ्याची व्यवस्था कशी करायची, ही आईची चिंता. एकाही सेनापतीचे नाव नाही, एकाही लढाईचे नाव नाही. नवाब नाही, तह नाही. केवळ भात पिकवणारे एक घर आहे आणि दारात कर मागणारा कोणीतरी आहे.

२०/
मी भाताच्या जिल्ह्यातली आहे. ओंब्या भरल्या की पाखरे हाकायला बांधावर बसावे लागते, हे मी केलेले काम आहे. त्यामुळे ती अंगाई समजायला मला भाषांतराची गरज पडली नाही. त्या गाण्यातले घर वर्धमानचे असेल, पण ते साकोलीचेही असू शकले असते. फरक एवढाच की त्या गाण्यात घोड्यावर बसलेला माणूस आमच्या बाजूचा होता.

२१/
आता ही दोन दृश्ये शेजारी ठेवा. १६५९: प्रतापगडाच्या पायथ्याशी, भेटीसाठी उभारलेल्या शामियान्यात अफजलखान मारला जातो, आणि मराठीत पोवाडा जन्मतो. ३१ मार्च १७४४: वाटाघाटीच्या भेटीसाठी बोलावलेले भास्करराम मानकरा येथे नवाब अलिवर्दीखानाच्या तंबूत मारले जातात, आणि बंगालीत गंगाराम नावाचा कवी ‘महाराष्ट्र पुराण’ लिहितो. तेथे भास्कररामांचा शेवट हा सुटकेचा क्षण आहे.

२२/
हे सांगण्यामागे कोणाला लाज वाटावी असा हेतू नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या फौजांचा हिशेब आपण आज चुकता करू शकत नाही. पण अभिमानाने पोवाडा ऐकण्याचा आपला हक्क जेवढा खरा, तेवढीच ती अंगाईही खरी आहे, एवढे मान्य करणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली परीक्षा आहे.
चौथा प्रश्न: या घटनेवर पलीकडच्या बाजूला कोणते गाणे गायले गेले?

२३/
आता पाचवा प्रश्न, आणि त्यासाठी ही गाणी पुस्तकांत कशी आली ते पाहावे लागेल. हॅरी अर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे मुंबईचे महापालिका आयुक्त. वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह छापला, आणि १८९४ मध्ये लंडनहून काही पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. १९२८ मध्ये य. न. केळकर यांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’चा पहिला भाग आला. हे काम झाले नसते, तर आज आपल्याकडे फारच थोडे उरले असते.

२४/
पण संग्राहक जेथे पोहोचतो, तेथलेच गाणे टिकते. शाळेत आपल्या कानांवर पडलेल्या पोवाड्यांची ठिकाणे आठवा: प्रतापगड, सिंहगड, पानिपत, खर्डा, खडकी. या यादीत वैनगंगेकाठचे एकही नाव नाही. इकडे इतिहास घडलाच नाही का? नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीच्या लढाईनंतर तीनच आठवड्यांनी, नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ मध्ये कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठले. कामठा तेव्हाच्या भंडारा मुलखातला, आज गोंदिया जिल्ह्यात. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

२५/
आणि इकडे गाणारेही कमी नव्हते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्याने सादर होणारा तमाशा: गण, गौळण, लावणी, वग, ढोलकी, चोनके, टाळ, स्त्रीवेषातला नाच्या, आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत पहाटेपर्यंत चालणारे सवाल-जबाब. गोंड समाजाची वंशगाथा सांगणारे परधान गायक हा याच भूमीचा आणखी एक, त्याहूनही जुना आवाज. आणि रोवणीच्या चिखलात वाकून पऱ्हे लावताना बायकांनी म्हटलेली गाणी तर कोणाच्या गणतीतच नाहीत.

२६/
यांतले थोडे नोंदले गेले. झाडीबोली आणि झाडीपट्टीच्या लोककलांवर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केलेले काम नसते, तर माझ्यासारखीला सुरुवात कोठून करावी हेही कळले नसते. पण बहुतेक शाहिरांची गाणी त्यांच्या वह्यांत असतात, आणि वहीला वारस नसला की ती कोठे जाते, हे मी पाहिले आहे.

२७/
गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पवनीजवळ वैनगंगा अडवली गेली आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे उठली. मी शाळेत असताना आमच्या गावच्या मंडईत अशाच एका उठलेल्या गावचे वृद्ध शाहीर आले होते. वग संपल्यावर त्यांनी एक गाणे म्हटले. त्यात लढाई नव्हती. आपल्या बुडालेल्या गावाच्या बांध्यांची नावे होती. आमच्याकडे भाताच्या खाचराला बांधी म्हणतात, आणि प्रत्येक बांधीला नाव असते: कोणाच्या आजीवरून, कोणा झाडावरून, कधी झालेल्या भांडणावरून.

२८/
ते एकेक नाव घेत आणि झीलकरी ते उचलत. माझ्या शेजारी बसलेले बाबा म्हणाले, ‘पोरी, सातबाऱ्यावर नंबर रायते, नाव नाई रायत.’ त्या गाण्याच्या शेवटी शाहीर म्हणाले की शांत रात्री पाण्याखालून देवळाची घंटा ऐकू येते.
घंटा ऐकू येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. तुळशीदासाची घोरपड चढली नसेल, तशीच.

२९/
एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेसाठी विषय शोधताना मला ते गाणे आठवले. शाहिरांच्या नव्या घराचा पत्ता काढून मी गेले. ते दोन वर्षांपूर्वी वारले होते. घरच्यांनी प्रेमाने चहा दिला. वह्यांविषयी विचारले, तेव्हा सून थोडी ओशाळली. घर आवरताना जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. तिची चूक नव्हती. त्या वह्या मौल्यवान आहेत, असे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते. मला त्या गाण्यातली तीन नावे आठवतात. बाकीच्या बांध्या दुसऱ्यांदा बुडाल्या.

३०/
पाचवा प्रश्न म्हणून हा: कोणाचे गाणे आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही, आणि का?
पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात शोधता येतात. पाचव्याचे उत्तर ग्रंथालयात मिळत नाही. त्यासाठी गावात जावे लागते, आणि वेळेत जावे लागते.

३१/
येथे आयर्लंडचाच एक धडा पुन्हा उपयोगी पडतो. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरला. हार्प हे तारांचे वाद्य. ते वाजवणारी पिढी संपत आली होती. आलेल्यांत डेनिस हेम्पसन नावाचा नव्वदी ओलांडलेला वादक होता, नखांनी तारा छेडण्याची प्राचीन रीत जाणणारा. त्यांचे सूर टिपून घेण्याचे काम दिले होते एडवर्ड बंटिंग या तरुणाला. त्याचे वय होते एकोणीस. त्याने टिपले म्हणून आज ते सूर आहेत.

३२/
पण बंटिंगच्या हातून एक गोष्ट निसटली. १७९६ मध्ये त्याने संग्रह छापला तो पियानोवर वाजवण्याजोगा करून, आणि गाण्यांचे आयरिश भाषेतील शब्द त्यात आले नाहीत. सूर शहराच्या दिवाणखान्यात पोहोचले, बोली मागे राहिली.
झाडीबोलीतले गाणे प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह तुम्हालाही होईल. तो टाळा. ‘रायते’चे ‘राहते’ केले की गाणे कोणाचे होते, हेच पुसले जाते.

३३/
तुम्ही अठरा-वीस वर्षांचे असाल आणि खिशात मोबाइल असेल, तर बंटिंगपेक्षा चांगली साधने तुमच्याकडे आहेत. येत्या दिवाळीत एवढे करा:
• गाणाऱ्यांची परवानगी घेऊन पूर्ण गाणे ध्वनिमुद्रित करा, तुकडा नको.
• गाव, तारीख, प्रसंग आणि गाणे कोणाकडून शिकले, हे त्याच रेकॉर्डिंगमध्ये बोलून घ्या.
• ‘चुकीचा’ वाटणारा तपशील गाळू नका. घोरपड आणि घंटा दोन्ही लिहून ठेवा.
• वही मिळाली, तर पानांची छायाचित्रे काढा आणि वही घरच्यांकडेच राहू द्या. तिची किंमत मात्र त्यांना सांगा.

३४/
पाच प्रश्न पुन्हा एकदा, एकत्र:
१. कोणाच्या सांगण्यावरून?
२. कोणासमोर?
३. घटनेनंतर किती वर्षांनी, आणि तेव्हा काय चालले होते?
४. पलीकडच्या बाजूचे गाणे कोणते?
५. कोणाचे गाणे उरलेच नाही?
पुढच्या वेळी एखादा पोवाडा ऐकून अंगावर काटा आला, तर तो येऊ द्या. गाणे संपल्यावर हे पाच प्रश्न विचारा.

३५/
तुमच्या गावात, घरात, रोवणीच्या बांधीत कोणते गाणे म्हटले जाते? त्याचे शब्द, आठवतील तेवढे, तुमच्याच बोलीत खाली लिहा. अर्धवट आठवत असेल तरी चालेल. माझ्याकडेही तीनच नावे आहेत.

(समाप्त)